दमट हवेचा सराव आणि उंचीचा मोह

गेल्या दोन महिन्यांत आलेली बहुतेक पत्रे धावणाऱ्यांची आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांची आहेत, आणि तीही मुख्यतः किनारपट्टीवरून आलेली आहेत. कोणाची उकाड्याबद्दल तक्रार आहे, तर कोणाला डोंगरावर जाऊन सराव करायचा आहे. शरीराच्या दृष्टीने हे दोन्ही विषय एकमेकांच्या शेजारचे असल्यामुळे सहा पत्रांना या वेळी एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो, वय ३९. दोन वर्षे हाफ मॅरेथॉनचा सराव चालू आहे. पुण्याचा माझा मेहुणा माझ्याइतकेच धावतो. मे महिन्यात तो ३८ अंशांत धावतो आणि मी ३२ अंशांत, तरी त्याच वेगाला माझे ठोके त्याच्यापेक्षा पंधराने जास्त पडतात. आमच्याकडे ऊन कमी असून हे असे का? माझी कुवतच कमी समजावी काय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दोन माणसांचे ठोके एकमेकांशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नसतो. निरोगी माणसांतही तो फरक सहज पडतो, म्हणून तुम्ही तुमचेच जानेवारीतील आणि मे महिन्यातील ठोके समोरासमोर ठेवून पाहावेत. मात्र तुमच्या प्रश्नातील खरी गोम तापमापकाच्या आकड्यात आहे, आणि ती कोकणात धावणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावी अशी आहे.

धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. साठ किलो वजनाचा माणूस तासाला दहा किलोमीटर धावला, तर तो साधारण ६०० किलोकॅलरी खर्च करतो, म्हणजे त्याला तासाभरात सुमारे ४५० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने पाऊण लिटर घाम पुरायला हवा, पण त्यासाठी तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकणारा किंवा बनियन पिळून काढावा लागणारा घाम शरीराला थंड करत नाही. तो नुसते पाणी आणि मीठ घेऊन जातो.

घाम किती वाळेल हे त्वचेवरील बाष्पाचा दाब आणि हवेतील बाष्पाचा दाब यांच्यातील अंतरावर ठरते. पस्तीस अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटरइतका असतो. मालवणात ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता धरली, तर हवेतील दाब २७ मिलिमीटरच्या आसपास येतो. पुण्यात ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता धरली, तर तो १२ मिलिमीटरच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे घाम वाळवणारी ओढ तुमच्याकडे पंधराची आणि मेहुण्याकडे तिसाची, चक्क दुप्पट आहे. त्यांची हवा तापलेली असली तरी तहानलेली आहे. तुमची हवा आधीच पाणी पिऊन बसली आहे. खेळाच्या आणि लष्कराच्या सरावासाठी उष्णतेचा जो निर्देशांक वापरतात, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला दहापैकी सात भाग, काळ्या गोळ्यातील तापमापकाला दोन भाग आणि साध्या तापमापकाला अवघा एक भाग वजन देतात, ते याच कारणासाठी.

घाम वाळत नाही असे दिसले की शरीर त्वचेकडे जास्त रक्त वळवू लागते. तेवढे रक्त पायांच्या स्नायूंना आणि परत हृदयाकडे यायला कमी पडते, प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते, आणि ती तूट भरून काढायला हृदयाला ठोक्यांची संख्या वाढवावी लागते. तुमचे जास्तीचे ठोके बहुतांशी इथून आलेले आहेत. म्हणून मार्च ते जून आणि ऑक्टोबरात वेग ठरवून धावू नये, ठोके ठरवून धावावे, आणि त्या ठोक्यांत जो वेग मिळेल तो निमूटपणे स्वीकारावा.

हवामानाच्या ॲपवर सकाळी ९० टक्के आणि दुपारी ६५ टक्के आर्द्रता पाहून दुपारी धावायला निघणारे लोक मला भेटले आहेत. ही टक्केवारी सापेक्ष असते. हवा तापली की तीच ओल टक्केवारीत कमी दिसते. हवेतील बाष्प काही पळून गेलेले नसते, आणि वर ऊन असते ते वेगळेच. कोकणात पहाटच बरी. संध्याकाळी धावायचे असेल, तर नारळी-पोफळीच्या वाडीतील पाखाडीपेक्षा समुद्रावरची मोकळी वाळू चांगली, कारण वाडीत सावली असली तरी वारा अडतो. वाऱ्याच्या दिशेने धावताना मात्र आपल्याला वारा लागत नाही हे ध्यानात ठेवून परतीची बाजू वाऱ्यासमोर येईल असे पाहावे.

प्रश्न : पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करत आहे. आमच्या ग्रुपमधील मोठी मुले म्हणतात की भर दुपारी जाडे जॅकेट घालून आणि पाणी न पिता सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) धावले की शरीर कणखर होते आणि भरतीच्या दिवशी हलके वाटते. हे खरे आहे का?
— एक उमेदवार, देवगड

उत्तर : यात एक गोष्ट खरी आहे आणि दोन घातक आहेत. उष्णतेचा सराव शरीराला खरोखर बदलतो, आणि तो बदल खेळाच्या शास्त्रातील सर्वांत भरवशाच्या बदलांपैकी एक आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत हवा तापलेली आणि दमट असे. तेथे उष्माघाताने कामगार दगावू लागल्यावर नव्या माणसाला खाली पाठवण्यापूर्वी काही दिवस उष्ण, दमट खोलीत रोज थोडे थोडे वाढते काम देऊन तयार करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाली. आज खेळाडूंना जे करायला सांगतात ते तत्त्वतः तेच आहे.

पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातील पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. त्यामुळे हृदयाला प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त मिळते आणि त्याच श्रमाला ठोके कमी पडू लागतात. त्यानंतरच्या आठवड्यात घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातील मीठ घटते, कारण घामाच्या ग्रंथी सोडियम परत ओढून घ्यायला शिकतात. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बदल पुरा होतो. यासाठी सुरुवातीला रोज अर्धा तास आणि पुढे वाढवत तासभर, बोलता येईल इतक्या हळू वेगाने उकाड्यात धावणे पुरते. त्यासाठी भर दुपार लागत नाही. आपल्याकडची सकाळची साडेआठची हवा त्या कामाला पुरेशी वाईट असते. किनाऱ्यावर जन्म झाला म्हणजे हे आपोआप घडते असेही नाही. पंख्याखाली बसून अभ्यास करणाऱ्या मुलाचे शरीर कोकणात राहूनही याबाबतीत बरेचसे कोरेच असते.

आता घातक भाग. जाडे जॅकेट घाम वाळूच देत नाही, म्हणून शरीराचे तापमान किती चढते आहे यावर तुमचा ताबा राहत नाही. पाणी तोडल्याने कणखरपणा येत नाही. उलट जो प्लाझ्मा वाढवण्यासाठी हा खटाटोप केला तोच आटतो. सराव करण्यापूर्वी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर घाम गेला असे समजावे, आणि घट वजनाच्या दोन टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. उलट वजन वाढले असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले, आणि तेही धोक्याचे असते, कारण त्याने रक्तातील सोडियम पातळ होते. भरतीच्या दृष्टीने सांगायचे, तर १६०० मीटर हे सहा-सात मिनिटांचे काम आहे. त्यात गुण मिळवून देणारा वेगाचा सराव गारव्यातच करावा. उकाड्यातील धावणे हळू, वेगाचे धावणे पहाटे, असे दोन वेगळे दिवस ठेवावेत. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांचे मृत्यू झाले होते, हे त्या मोठ्या मुलांना जरूर सांगा.

एक गोष्ट ग्रुपमधील प्रत्येकाला पाठ असली पाहिजे. धावता धावता एखादा अडखळू लागला, विचारलेल्याला भलतेच उत्तर देऊ लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरीही. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग कोरडे पडतेच असे नाही. अशा वेळी शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते आणि पहिला अर्धा तास निर्णायक असतो. त्याला आधी जागच्या जागी थंड करायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे. मानेपर्यंत गार पाण्यात बसवणे सर्वांत उत्तम. ते नसेल तर विहिरीचे पाणी सतत ओतत राहावे. देवगडसारख्या बंदरावर मासळीसाठीचा बर्फ नेहमीच हाताशी असतो, तो पाण्याच्या पिंपात टाकावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची असून शाळेकडून तीन हजार मीटर धावते. तिला सरावानंतर शहाळे द्यावे की बाजारातील स्पोर्ट्स ड्रिंक?
— एक आई, दापोली

उत्तर : शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि सोडियम त्या मानाने कमी, घामातून मात्र मुख्यतः सोडियम जाते. म्हणून शहाळे आवडीने द्या, पण त्याच्या जोडीला खारट काहीतरी हवे. मीठ घातलेली तांदळाची पेज पाणी, मीठ आणि पिष्ट या तिन्ही गोष्टी एकदम देते, आणि कोकम सरबतात मीठ-साखर दोन्ही असल्याने तेही चालते. तासाभराच्या आतील सरावाला बाजारातील पेयाची गरज नाही.

प्रश्न : मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, गारव्यात होते. मग मी पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या उकाड्यात केलेला सराव वायाच जातो ना?
— एक धावपटू, अलिबाग

उत्तर : अगदी वाया जातो असे नाही. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सरावातील सायकलपटूंनी ४० अंशांच्या खोलीत दहा दिवस व्यायाम केला. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता उष्ण हवेत तर वाढलीच, पण थंड खोलीतही सुमारे पाच टक्क्यांनी वाढली. पुढच्या सगळ्या प्रयोगांत थंड हवेतील लाभ असाच दिसला नाही, त्यामुळे मी त्याची हमी देणार नाही. शिवाय हा लाभ टिकाऊ नसतो: उकाडा सुटला की दोन-तीन आठवड्यांत बराचसा ओसरतो. डिसेंबरात आठवड्यातून दोनदा दुपारच्या उन्हात सावकाश धावत राहिलात, तर त्यातील काही हिस्सा जानेवारीपर्यंत टिकेल. मुंबईत सूर्य वर आल्यावर शेवटचे किलोमीटर फारसे गार नसतात हेही विसरू नका.

प्रश्न : केनियाचे धावपटू उंचावर सराव करतात असे ऐकतो. आम्हाला आंबोली घाट जवळ आहे. दर आठवड्याला दोन दिवस आंबोलीत राहून धावले तर उंचीचा फायदा मिळेल का? की महाबळेश्वरला जावे?
— चार मित्र, सावंतवाडी

उत्तर : तुमचा उत्साह मोडायचा नाही, पण आकडे कठोर आहेत. हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रकाठी आणि डोंगरावर सारखेच, जवळजवळ २१ टक्के असते. उंचावर घटतो तो हवेचा एकूण दाब, आणि त्याबरोबर प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू. समुद्रसपाटीचा दाब शंभर धरला, तर सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीत तो ९२ असतो, महाबळेश्वरला ८५ असतो, आणि आपले कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरांवर संपते. रक्तात टिकाऊ बदल घडायला साधारण २,००० ते २,५०० मीटरांवर सलग तीन-चार आठवडे, तेही दिवसातील बहुतेक तास, राहावे लागते. केनियातील इतेन हे धावपटूंचे गाव २,४०० मीटरांवर आहे. हिमाचलातील शिलारू येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, तेही जवळपास त्याच उंचीवर. महाराष्ट्रात अशी एकही जागा नाही, आणि याबद्दल सह्याद्रीला दोष देता येणार नाही.

उंची काय करते हे जगाने १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये पाहिले. ते शहर २,२४० मीटरांवर आहे. विरळ हवेत अडथळा कमी असल्याने लांब उडीत बॉब बीमनने ८.९० मीटरची उडी घेतली आणि कमी अंतराच्या शर्यतींत विक्रम झाले; पण दहा हजार मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली तेमूने २९ मिनिटे २७.४ सेकंदांत जिंकली, म्हणजे त्या वेळच्या विश्वविक्रमापेक्षा जवळजवळ पावणेदोन मिनिटे जास्त घेऊन. तो विक्रम ज्याच्या नावावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. पहिले दोन क्रमांक केनिया आणि इथिओपिया या उंचावरच्या देशांतील धावपटूंनी घेतले होते. उंचीवर सराव करण्याची जी लाट नंतर आली, तिला या शर्यतींनी मोठा हातभार लावला.

उंचावर मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक जास्त सोडतात, ते हाडांतील मगजाला तांबड्या पेशी वाढवायला सांगते, आणि काही आठवड्यांत रक्तातील एकूण हिमोग्लोबिन वाढते. त्याचा वेग फार नाही: योग्य उंचीवर शंभर तास काढले तर साधारण एक टक्का. अडचण अशी की तिथे श्वास कमी पडत असल्यामुळे वेगाचा सराव नीट होत नाही आणि पाय मंदावतात. त्यावर अमेरिकेत लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन यांनी १९९७ साली तोडगा दाखवला. त्यांनी धावपटूंना चार आठवडे २,५०० मीटरांवर राहायला लावले आणि सरावाला १,२५० मीटरांवर खाली आणले. परतल्यावर पाच हजार मीटरची वेळ सुमारे १३ सेकंदांनी सुधारली. 'राहणे उंच, सराव खाली' हे सूत्र तेव्हापासून रूढ झाले. आपला अविनाश साबळे बीड जिल्ह्यातील मांडव्याचा. त्याने अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे उंचीवर सराव करून २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे (अडथळ्यांच्या शर्यतीचे) रौप्यपदक मिळवले. त्याच्या पातळीवर एक टक्का म्हणजे पदक असते. तुमच्यासारख्या हौशी धावपटूंना झोप, नियमितपणा आणि आठवड्याचे किलोमीटर यांतून त्याच्या कित्येक पट लाभ अजून मिळायचा आहे.

म्हणजे आंबोलीला जाऊच नये का? अवश्य जावे, पण हेतू बदलून. वरच्या सूत्रातील युक्ती अशी की शरीराला ताण देणारी हवा आणि वेगाचा सराव देणारी हवा या वेगळ्या ठेवायच्या. तुम्हाला निसर्गाने त्याचीच उलटी सोय दिली आहे. सावंतवाडीचा दमट उकाडा हा तुमचा ताण आहे. तिथे आठवड्यातून तीन-चार दिवस हळू धावा. घाटमाथ्यावरची हवा काही अंशांनी गार असते. आठवड्यातील एकमेव जोराचा सराव तिथे करा, मग तो वेगाने पूर्ण करता येईल. चढासाठी तर घाटाचा रस्ता आहेच, फक्त पहाटे आणि वाहने समोरून येताना दिसतील अशा बाजूने. पावसाळ्याचे चार महिने हा बेत सोडून द्यावा. आंबोलीचा पाऊस सरावाला जागा ठेवत नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून सप्टेंबरात लेहची हाफ मॅरेथॉन धावायची आहे. ऑनलाइन मिळणारा उंचीचा मास्क लावून इथे सराव करावा का? इथल्या उकाड्याचा तिकडे उपयोग होईल का? आणि निघण्यापूर्वी काय काळजी घ्यावी?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : मास्कचे पैसे वाचवा. तो श्वासाला अडथळा करतो, पण हवेतील प्राणवायूचा दाब कमी करत नाही. त्याने फार तर श्वासाचे स्नायू दमतात. उकाड्याच्या सरावाने वाढलेला प्लाझ्मा उंचीवर थोडा उपयोगी पडावा अशी आशा संशोधकांना आहे, पण निष्कर्ष उलटसुलट आहेत. तेव्हा उकाड्यात धावत राहा, मात्र त्याच्या भरवशावर लेहला जाऊ नका.

लेह ३,५०० मीटरांवर आहे आणि तिथला हवेचा दाब आपल्या किनाऱ्याच्या जेमतेम ६५ टक्के असतो. तिथे पोहोचताच तुमची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने तरी घटेल, आणि ही घट कितीही सरावाने टळत नाही. उत्तम धावणाऱ्यालाही उंचीचा आजार होतो. किंबहुना पहिल्याच दिवशी धावायला निघाल्यामुळे त्यालाच जास्त होतो.

आताच, म्हणजे तीन महिने आधी, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाची शिल्लक. ती नसेल, तर उंचावर संप्रेरकाने कितीही हाक दिली तरी तांबड्या पेशी तयार होणार नाहीत. धावणाऱ्या स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असल्याचे वारंवार आढळते. ते ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू कराव्यात. तपासणीशिवाय मात्र घेऊ नयेत. आहारात तिसऱ्या (शिंपल्या) आणि मासे असतील तर उत्तम, कुळीथ आणि पालेभाजी असेल तर सोबत लिंबू घ्यावे, आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण तो लोह शोषू देत नाही.

जायचे कसे, हाही निर्णय आहे. विमानाने गेलात तर किनाऱ्यावरून एका दिवसात साडेतीन हजार मीटर चढता. मग पहिले दोन दिवस खरोखर अंथरुणाच्या आसपास काढावेत. सवड असेल तर श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत रस्त्याने जावे, कारण त्या वाटेने उंची टप्प्याटप्प्याने वाढते. मनालीच्या वाटेवरील मुक्काम लेहपेक्षाही उंच असू शकतात. स्पर्धेपूर्वी किमान आठ-दहा दिवस तिथे मिळतील असे बघा. तिसऱ्या दिवशी चालणे, पाचव्या-सहाव्या दिवशी हळू धावणे, आणि शर्यतीत पहिले पाच किलोमीटर हास्यास्पद वाटावेत इतक्या सावकाश. उंचीचा आजार टाळण्यासाठी देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून इथेच ठरवा. उत्तेजक चाचणी होणाऱ्या खेळाडूंना ती वर्ज्य आहे, हौशी धावपटूंचा प्रश्न वेगळा.

डोकेदुखी आणि मळमळ झाली, तर त्या दिवशी वर चढू नका आणि धावू नका. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला येणे, किंवा सरळ रेषेत चालता न येणे यांपैकी काहीही दिसले, तर ते फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता प्राणवायू घ्यावा, दवाखाना गाठावा आणि लवकरात लवकर खाली उतरावे. खोलीत एकट्या राहू नका. शर्यतीचा क्रमांक घ्यायला जाल, तेव्हा वाटेतील वैद्यकीय मदत कोणकोणत्या किलोमीटरवर आहे तेही विचारून घ्या.